काकूंचे झिंगे

निकमकाकांसमोर 'साधारण' हा शब्द चालत नसे. मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "इथून कॉलेजला किती वेळ लागेल तुला?" मी म्हणाले, "साधारण अर्धा तास." ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. माझं काय चुकलं ते मला कळेना. शेजारी बसलेली आई उगाच पदर सावरायला लागली.

"साधारण म्हणजे किती? पंचवीस मिनिटं की पस्तीस?" काका म्हणाले. "त्या दहा मिनिटांत बस निघून जाते, पोरी."

आई हळूच म्हणाली, "नवीन हाय ना ती शहरात."

"मग मोजून येऊ दे उद्या. खोली तिचीच."

दुसऱ्या दिवशी मी खरंच मोजलं. अठ्ठावीस मिनिटं लागली. ते ऐकून त्यांनी मान डोलावली आणि वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

काका गेले त्याला आता वर्ष होत आलंय. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील टेम्पोवर असतात आणि आई पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये काम करते. त्यामुळे लिहिणं म्हणजे पेपर लिहिणं, एवढंच मला माहीत आहे. तरी काकांबद्दल लिहावंसं वाटतं, कारण त्यांना एक गोष्ट सांगायची वेळ आली होती आणि मी ती सांगितली नाही.

काका अंबडच्या एका कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं, नसला तर त्याला लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. केसाच्या जाडीहून कमी फरक ते ओळखायचे, असं त्यांच्याकडे येणारे जुने सहकारी सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांना कंपवात सुरू झाला. चहा ते उंच स्टीलच्या ग्लासात, तोही अर्धाच घ्यायचे. कुणी हाताकडे बघितलं की म्हणायचे, "काही नाही, फाउंडेशन बोल्ट ढिला झालाय. मशीन चालू आहे."

काकू हॉलमध्ये पलंगावर असत. मी राहायला जाण्याआधी सहा महिने त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सकाळी एक बाई येऊन त्यांना अंघोळ घालून जायची, बाकीचं सगळं काका करत. त्यांचे हात थरथरायचे म्हणून भाताचा घास भरवताना अर्धा घास रुमालावर सांडायचा. मग ते तो रुमाल झटकायचे आणि पुन्हा घास करायचे. माझ्याशी काका शहरी मराठीत बोलत, पण काकूंशी मात्र त्यांच्या सटाण्याकडच्या अहिराणीत. "ऐकस का?" असं म्हणून सुरुवात करायचे. काकू एकदा पापणी मिटायच्या. त्याचा अर्थ 'हो'.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांची नजर हलती राहायला हवी, समोर काहीतरी हलतं ठेवा. आधी टीव्ही लावून पाहिला, तर काकूंना रडू यायचं. मग काकांनी दीड फुटाची काचेची टाकी आणली. त्यात वाळू, एक लाकडाचं खोड, शेवाळ आणि हिरव्या वनस्पती लावल्या आणि मासे सोडले. मासे फार पळायचे. काकू क्षणभर बघून डोळे मिटून घ्यायच्या. त्यानंतर काकांना कुठून तरी झिंग्यांबद्दल कळलं. नखाएवढे, लाल रंगाचे, गोड्या पाण्यातले झिंगे. ते दिवसभर शेवाळावर बसून पुढच्या बारीक पायांनी काहीतरी वेचत असतात आणि तोंडात घालत असतात.

"हिच्यासारखेच आहेत," काका मला म्हणाले. "हीसुद्धा कधी रिकामी बसली नाही. मेथी निवड, तांदूळ निवड, शेंगा फोड. तिला हे बघवतील."

झिंगे जगायला हवेत, काकूंनी ते बघायला हवेत. त्या घरात त्या वर्षी यापेक्षा महत्त्वाचं दुसरं काही नव्हतं. मी प्राणिशास्त्राला आहे हे कळल्यावर काका एवढंच म्हणाले, "छान. डोकं माझं, हात तुझे."

सुताराकडून टाकीसाठी पुढच्या कडेला लाकडी पट्टी असलेला स्टँड करून घेतला तो दिवस मला आठवतो. काका पलंगाच्या कडेला ताठ बसले, एक डोळा मिटला आणि सुताराला म्हणाले, "दोन इंच कमी कर." त्याने पाय कापले. काका पुन्हा बसले. "अजून पाव इंच." सुतार वैतागून म्हणाला, "काका, टाकी ठेवायचीय का बंदूक लावायचीय?" पण पाव इंचही कापून घेतलंच.

झिंगे पिशवीतून आले. एकूण पंधरा. घाबरून त्यांचा रंग उडाला होता, पाण्यात पांढुरके ठिपके तेवढे दिसत होते. मी पिशवी सरळ टाकीत उपडी करायला निघाले, तेवढ्यात काका ओरडले, "थांब! पाहुणा आला की आधी पाणी देतो ना आपण? लगेच आत ढकलतो का?"

त्यांनी मला बारीक नळी दिली आणि तिला गाठ मारायला लावली. झिंगे एका भांड्यात काढले. टाकीतलं पाणी नळीतून त्या भांड्यात थेंब थेंब पडायला हवं होतं, म्हणजे नव्या पाण्याची त्यांना सवय होते. सेकंदाला दोन थेंब. मी गाठ घट्ट करायचे, सैल करायचे, आणि काका हातातल्या घड्याळाकडे बघत थेंब मोजायचे. "तीन पडले. आवळ. आता दीड. अगं, सोड जरा." असं दोन तास चाललं. मला पाठीत कळ आली होती. काकू पलंगावरून आमच्याकडे बघत होत्या. त्या दिवशी टाकीचा दिवा लावायचा नाही, खायलाही घालायचं नाही, असं काकांनी बजावलं. "आल्या आल्या सुनेला स्वयंपाकघर दाखवू नये. आधी कोपरा शोधू दे."

तीन दिवस एकही झिंगा दिसला नाही. सगळे शेवाळाखाली दडून बसले होते. चौथ्या दिवशी मी सकाळी खाली आले तर वाळूवर एक झिंगा आडवा पडलेला. मी रडतच काकांना उठवायला गेले. ते भिंग घेऊन आले, हात हलत होता म्हणून भिंग मला धरायला लावलं आणि बराच वेळ बघून म्हणाले, "मेला नाही. कपडे बदललेत."

ती कात होती. आतून पोकळ, मिशांसकट. मी ती काढायला गेले तर म्हणाले, "राहू दे. तेच खातील ती. नवं अंग मऊ असतं, त्याला चुना लागतो." मला फार लाज वाटली. हे माझ्या पुस्तकात होतं.

त्या टाकीशेजारी काकांनी चौकोनी अक्षरात लिहिलेलं सूचना-पत्रक लावलं होतं, कारखान्यात मशीनवर लावतात तसं. खाणं एक दिवसाआड, शेंगदाण्याएवढं. पालकाचं पान उकळत्या पाण्यातून काढून, गार करून. पाणी दर शनिवारी पाव टाकी बदलायचं, तेही बादलीत एक दिवस उघडं ठेवलेलं, कारण नळाच्या पाण्यातलं औषध उडून जायला हवं. घरात डासांचं औषध लावायचं नाही. ही शेवटची सूचना काकांनी इतकी मनावर घेतली होती की गल्लीत धुराची गाडी आली तेव्हा ते बनियनवरच रस्त्यावर धावले.

"अहो, थांबा! माझ्याकडे झिंगे आहेत घरात!"

धूर मारणारा म्हणाला, "आमच्याकडे पण असतात, दर रविवारी."

सगळी गल्ली हसली. काकाही हसले, पण आधी त्यांनी ओल्या चादरी लावून खिडक्या बंद करून घेतल्या. माझी आई एकदा द्राक्षं घेऊन आली होती, तिनेही टाकीत वाकून विचारलं होतं, "झिंगे व्हय? अन् खायचे नाय?"

"बघायचे," काका म्हणाले.

"नुसते बघायचे! लय भारी हाय तुमचं." मग ती काकूंजवळ बसली आणि त्यांचा हात बराच वेळ चोळत राहिली.

संध्याकाळी काका टाकीजवळच्या खुर्चीत बसायचे, बारीक टॉर्च लावायचे आणि काकूंना दाखवायचे. "ऐकस का? दख, तो मोठा उना. आते पानवर चढी ऱ्हायना. दिसस ना तुले?" म्हणजे, बघ, तो मोठा आला, आता पानावर चढतोय. काकू पापणी मिटायच्या. टॉर्च डावीकडून उजवीकडे गेला की त्यांची नजरही हळूहळू तशीच जायची. काका माझ्याकडे वळून म्हणायचे, "बघितलंस? आज नजर चांगली साडेआठ इंच हलली." वहीत लिहूनसुद्धा ठेवायचे, डॉक्टरांना सांगायला.

आता माझी चूक सांगते.

एप्रिलच्या शेवटी काकूंना छातीत कफ झाला आणि दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. काका तिकडेच राहिले. घर आणि टाकी माझ्यावर होती. शनिवार आला. उन्हाने पाणी चार बोटं खाली गेलं होतं. बादलीत बघितलं तर मी आदल्या दिवशी पाणी भरायलाच विसरले होते, आणि त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. पत्रकात तर लिहिलं होतं, दर शनिवारी. मला वाटलं, काकांनी विश्वासाने सोपवलंय, चुकायला नको. स्वयंपाकघरात तांब्याची कळशी होती. दोन दिवसांपूर्वी भरलेली, वर झाकण, घासून लख्ख केलेली. आमच्याकडे तांब्यातलं पाणी सगळ्यांत शुद्ध मानतात. आई पाहुण्याला तेच देते. मला उलट बरं वाटलं की नळाच्या पाण्यापेक्षा चांगलं पाणी झिंग्यांना मिळेल. मी अख्खी कळशी हळूहळू टाकीत ओतली.

सकाळी पंधराही झिंगे वाळूवर पडले होते. या वेळी ती कात नव्हती.

आमच्या गावाकडे द्राक्षांवर मोरचुदाचं पाणी फवारतात, बुरशी मरावी म्हणून. मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ हे मला शाळेपासून माहीत होतं, त्यावर मला मार्कही मिळाले होते. तांबं झिंग्यांना विष असतं, हेही कॉलेजात ऐकलेलं होतं. पण कळशी उचलताना मला मोरचूद आठवला नाही. आई आठवली.

दुपारी काका काकूंना घेऊन आले. काकूंना आम्ही पलंगावर निजवलं. मग काका टाकीपाशी आले. त्यांनी बघितलं आणि काकूंकडे पाठ करून हळू आवाजात विचारलं, "किती पाणी घातलंस?"

"कळशीभर."

"कुठली कळशी?"

मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. ते आत गेले. कळशी हातात घेऊन, आतून हात फिरवून बघत उभे राहिले. हात थरथरत असल्याने कळशी ओट्यावर टकटक वाजत होती. मी म्हणाले, "काका, मी खोली सोडते." ते ऐकूच आलं नाही असं करून ते बाहेर आले, पेन घेतलं आणि पत्रकाच्या शेवटी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, 'तांब्याच्या भांड्यातले पाणी घालू नये.' खाली तारीख टाकून सही केली.

"जी सूचना पत्रकात नव्हती ती चूक कामगाराची नसते," ते म्हणाले. "पत्रक लिहिणाऱ्याची असते. लाल चिठ्ठी मला. रडू नको, ती बघतेय."

मग आम्ही झिंगे काढून तुळशीत पुरले. काकूंना मात्र सांगायचं नाही असं ठरलं. पाणी पूर्ण बदलून, शेवाळ टाकून देऊन, टाकी पुन्हा तयार व्हायला तीन आठवडे लागणार होते. ते तीन आठवडे काका रोज संध्याकाळी रिकाम्या टाकीसमोर टॉर्च घेऊन बसत होते.

"ऐकस का? दख, पानना मांगे दडी बठना. दिसस ना?"

काकू पापणी मिटायच्या. टॉर्च फिरला की त्यांची नजर फिरायची. मी जिन्यात बसून हे बघायचे आणि मला तिथे बसवत नसे. मला वाटायचं, काकूंना आता काहीच कळत नाही. काका एका रिकाम्या टाकीसाठी एवढं खोटं बोलतायत, आणि ते माझ्यामुळे.

मेच्या शेवटी नवे दहा झिंगे आले. पुन्हा गाठ मारलेली नळी, पुन्हा दोन तास थेंब. काकांच्या हाताला आता घड्याळही स्थिर धरवत नव्हतं, म्हणून ते डोळे मिटून थेंबांच्या आवाजावरून मोजत होते. दोन आठवड्यांत सगळे गडद लाल झाले. एका मादीच्या पोटाशी अंडी दिसायला लागली, पिवळसर, मोहरीहून बारीक. ती सारखी पोटाखालचे पाय हलवून अंड्यांना पाणी घालायची. काकांनी काकूंना सांगितलं, "आते नातवंडं येतीन." मी कॅलेंडरवर खूण केली. चार आठवडे धरले होते.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, काकू गेल्या. काका त्यांना पेज भरवत होते. वाटी खाली पडल्याचा आवाज आला म्हणून मी धावत आले. काका रुमालाने त्यांची हनुवटी पुसत होते, पुन्हा पुन्हा, पुसायला काही उरलं नव्हतं तरी.

मुलगी, मनीषाताई, पुण्याहून आल्या. माणसं येत-जात राहिली. हॉलमध्ये सतरंज्या पसरल्या होत्या आणि टाकीच्या स्टँडवर कुणी चष्मा, कुणी चहाचा कप ठेवत होतं. ताई म्हणाल्या, "बाबा, आता पुण्याला चला. टाकी देऊन टाकू कुणाला तरी." काका म्हणाले, "दे." दहाव्याच्या आदल्या दिवशी मी कप उचलायला वाकले तेव्हा काचेला चिकटलेलं काहीतरी हललं. पापणीच्या केसाएवढी पिल्लं. मी काकांच्या कानाशी जाऊन सांगितलं. ते उठून आले, वाकून बघितलं.

"किती आहेत?"

"मोजता येत नाहीत काका. साधारण वीस असतील."

मी वाट बघत होते की ते विचारतील, साधारण म्हणजे किती. ते परत सतरंजीवर जाऊन बसले.

महिन्याभरात माझी खोली सोडायची वेळ आली. काकाही पुण्याला जाणार होते, घर बंद होणार होतं. टाकी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्यायची ठरली होती, दुपारी मुलं न्यायला येणार होती. सकाळी मी बॅग घेऊन खाली आले, तर हॉलमध्ये कुणी दिसेना. मग पलंगाकडे लक्ष गेलं. काका काकूंच्या जागी झोपले होते. डोकं उशीवर, डावी कूस, काकूंना आम्ही निजवायचो तसे.

"काका, बरं वाटत नाही का?"

"अश्विनी, इकडे ये. टाकीचा दिवा लाव."

मी लावला. पिल्लं आता तांदळाएवढी झाली होती, खालच्या शेवाळावर वेचत बसली होती.

"आहेत ना सगळे?"

"आहेत. समोरच आहेत, काका."

"इथून दिसत नाहीत," ते म्हणाले. "इथून स्टँडची लाकडी पट्टी आड येते. वरचं पाणी दिसतं थोडं. खालचं काहीच नाही. मी बसून माप घेतलं होतं. ती कधी बसलीच नाही. मी झोपून बघितलं नाही, अश्विनी. एकदाही नाही."

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

"मग ती रोज काय बघत होती गं?" त्यांनी विचारलं. ते मलाच विचारत होते. उत्तराची वाट बघत होते.

मी उशाशी वाकून उशीच्या उंचीवरून बघितलं. तिथून टाकीशेजारची ती खुर्ची दिसत होती, पाठीपासून पायापर्यंत सगळी. मध्ये काहीही आड येत नव्हतं. रोज संध्याकाळी काका टॉर्च घेऊन तिच्यावर बसायचे, डावीकडून उजवीकडे झुकायचे. टाकी रिकामी होती तेव्हाही. काकू रोज कुणाला बघत होत्या ते मला एकदम कळलं. वडीलधाऱ्या माणसाला असं काही कसं सांगायचं, ते आमच्या घरात कुणी मला शिकवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "माहीत नाही, काका." आणि वाकून नमस्कार केला.

त्यांनी झोपल्या झोपल्याच माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता, त्यामुळे तो थोपटल्यासारखा वाटला. दारातून मागे वळून बघितलं तेव्हा ते तसेच कुशीवर होते. हात उशीखाली दाबून धरलेला, आणि डोळे उघडे. टाकीच्या त्या लाकडी पट्टीकडे ते बघत होते.